पुस्तक उघडं राहतं का

“रद्दीतून आलेलं ना हे?”

रमजानभाई शेजारच्या माणसाच्या कानात म्हणाले. पण तुझ्या खोलीत कानात बोललेलंही सगळ्यांना ऐकू येतं, मामा. निदान मला आलं. तुझ्या बाराव्याला असल्फ्याच्या त्या एका खोलीत वीस-एक माणसं बसली होती. तुझ्यासोबत काम करणाऱ्या रमजानभाईंनी सकाळी बाइंडिंगच्या कारखान्यातून तुझी कामाची पिशवी आणून दिली होती आणि मामीने ती सगळ्यांसमोर उघडली. चष्मा निघाला. दाभण निघालं. घड्या दाबायची तुझी हाडाची पट्टी निघाली. मग सुतळीने बांधलेलं, दोन कोऱ्या पुठ्ठ्यांमध्ये धरलेलं एक पुस्तक निघालं आणि त्यासोबत कापडाची एक सुटी पट्टी. पट्टीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव होतं. चि. सानिका.

मामीने ती पट्टी गालाला लावली. म्हणाली, बघा, शेवटपर्यंत भाचीचंच काम करत होते. हिचं परदेशी भाषेचं पुस्तक हे. हिला नोकरीत पुढे काढली ती याच पुस्तकाने.

तेव्हा रमजानभाई ते वाक्य बोलले. मग त्यांनी वर पाहिलं, मी त्यांच्याकडेच बघतेय हे त्यांना दिसलं, आणि ते उगाच चपला शोधायला बाहेर गेले.

मी हे मराठीत लिहितेय, कारण तुला इंग्रजी वाचता येत नव्हतं. माझ्या चुका होतील. तू त्या पकडायचास. माझ्या दहावीच्या मराठीच्या वहीवर कव्हर घालताना तू आतलं वाचून हसला होतास आणि म्हणाला होतास, अक्षर बरां आसा, बाकी देवाक काळजी.

पुस्तक निवडायचं ठरलं त्या दिवसापासून सांगते. तुला ते माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही.

मालाडच्या ऑफिसात मी तेव्हा नवीन होते. स्पेनमधली माणसं हॉटेलांबद्दल तक्रारी पाठवायची, आम्ही उत्तरं द्यायचो. एका बाईने लिहिलं की तुमच्या हॉटेलवाल्यांनी माझे केस ओढले. मी घाबरले. मी फार मनापासून माफी मागितली, डॉक्टरची गरज आहे का विचारलं, त्या माणसाचं नाव कळवा म्हटलं. केस ओढणं म्हणजे त्यांच्याकडे थट्टा करणं, टोपी घालणं. माझ्या टीम लीडरने ते उत्तर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. मी हसले, सगळ्यांबरोबर. नंतर बाथरूममध्ये वीस मिनिटं उभी राहिले.

घरी मी कुणाला सांगितलं नाही. तुलाच कसं सांगितलं, आठवत नाही. तू ठसका लागेपर्यंत हसलास, आणि ते हसणं मला लागलं नाही. मग डोळे पुसत म्हणालास, म्हणजे याचां पुस्तक बघूक व्हयां.

अंधेरीला मी स्पॅनिशच्या क्लासला जायचे, तिथल्या मॅडमकडे कपाट होतं. आधीच्या मुलांनी सोडून दिलेली पुस्तकं त्यात असायची, आणि त्यातलं एक आम्ही घेऊ शकत होतो. वाक्प्रचारांची तीन होती. आई म्हणाली, रविवारी मामाला घेऊन जा, त्याला पुस्तकातलं कळतं. मी मनात म्हटलं, बाइंडरला पुस्तकातलं काय कळणार? हे मी मनात म्हटलं. माझं बरंचसं वाईट बोलणं मनातच होतं, म्हणून मी स्वभावाने चांगली समजली जाते. तू मला घुमी म्हणायचास. तेच बरोबर होतं.

तू मेट्रोने आलास. शर्ट इस्त्रीचा होता, पण नखांच्या कडेला खळ सुकलेली होती. वर्गातल्या दोन मुली तुझ्याकडे बघून आपापसात काहीतरी बोलल्या. काय, ते मला ऐकू आलं नाही, आणि तरी मी तुझ्यापासून एक पाऊल बाजूला सरकले. एकच पाऊल. तू पाहिलंस की नाही, मला कळलं नाही. तू कपाटाकडे बघत होतास.

मी आधीच ठरवून आले होते. जाडं, चकचकीत पुस्तक घ्यायचं. त्यात सगळ्यांत जास्त वाक्प्रचार होते आणि ते नव्यासारखं होतं. दुसरं लहान मुलांसाठी काढल्यासारखं चित्रांचं होतं. तिसऱ्याची पाठ फाटली होती. मी आपली तिन्हींत एकच गोष्ट शोधली, म्हणजे तुलना नीट होईल. स्पॅनिशमध्ये, जिभेवर केस नसलेला माणूस म्हणजे तोंडावर बोलणारा माणूस. चित्रांच्या पुस्तकात ते नव्हतंच. जाड्या पुस्तकात फक्त अर्थ होता. फाटक्यात अर्थ होता, दोन उदाहरणं होती, कुठल्या देशात चालतं ते होतं, आणि समासात कुणीतरी पेन्सिलने मराठीत लिहिलेलं होतं: मॅडमसमोर चालेल, सासरी नको.

मला हसू आलं. तरी मला जाडंच हवं होतं.

तू एकही पुस्तक उघडलं नाहीस. तिन्ही टेबलावर उभी केलीस आणि पानांच्या कडा बघत बसलास, डॉक्टर जीभ बघतात तसा. मॅडमही बघायला लागल्या. जाड्या पुस्तकाच्या पहिल्या बोटभर पानांची कड मळलेली होती आणि पुढे सगळी पांढरी. तू म्हणालास, हा माणूस इथपर्यंत गेला आणि कंटाळला. फाटक्याची कड सगळीकडे थोडी थोडी मळलेली होती आणि शेवटची पानं, जिथे सूची होती, ती पार काळी पडलेली.

“मागची पानां काळी झाली हत,” तू मला म्हणालास, “म्हणजे माणूस शोधूक गेलो आणि त्याका गावला. ह्यां घे. मी बांधून देतंय.”

मॅडम म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवते, हे कधी सुचलं नाही. तू लाजलास. मला अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त आपण लवकर निघावं असं वाटत होतं, आणि नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं, म्हणून मी ते घेतलं. मेट्रोत आपला वाद झाला. वाद म्हणजे तू बोलत होतास. तुझं म्हणणं, शोधायचं पुस्तक किती भरलंय ते बघायचं नसतं, ते किती वेळा उघडलं गेलंय ते बघायचं. आणि टेबलावर ठेवून हात सोडला की ते उघडं राहिलं पाहिजे, नाहीतर एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, कसं जमणार? मी म्हटलं, मामा, आजकाल लिहीत नाहीत, टाइप करतात. तू म्हणालास, मग तर दोन हात लागतात.

मी पुढच्या स्टेशनचं नाव वाचायला मान वळवली.

महिन्याभराने तू पुस्तक आणून दिलंस. प्रत्येक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा दुमडलेला तो गठ्ठा, तू हाताने शिवला होतास. पाठ मरून कापडाची. वरच्या टोकाला मामीच्या जुन्या साडीचा हिरवा काठ लावलेला. पाठीवर चि. सानिका, मराठीत, लग्नपत्रिकेसारखं. मी ते वर्गात कसं नेणार, हा माझा पहिला विचार होता. मग मी ते उघडलं.

तू ते तिन्ही बाजूंनी कापलं होतंस. बांधल्यावर कटिंग मशीनवर घ्यायचं, कडा साफ करायच्या, हे तू चाळीस वर्षं करत आलास. वाचनालयाचं पुस्तक असो की कुणाचा प्रबंध. ज्या मळावरून तू ते पुस्तक निवडलंस तो मळ तूच काढून टाकलास. आणि मळाबरोबर समास गेला. पेन्सिलच्या सगळ्या नोंदी अर्ध्या झाल्या होत्या. जिभेच्या केसांपाशी उरलं होतं, मॅडमसमोर चा, आणि त्याखाली, सासरी न.

मला ओरडावंसं वाटलं. मी म्हटलं, छान झालंय.

तू ते टेबलावर ठेवलंस, मधोमध उघडलंस आणि दोन्ही हात वर केलेस, जादूगारासारखे. ते उघडं राहिलं. आई हसली. मी चहाचे कप उचलून आत गेले.

ते मी वर्गात कधीच नेलं नाही. महिन्याच्या आत जाडं, चकचकीत पुस्तक नवं कोरं मागवलं आणि ऑफिसात ठेवलं. त्यात वाक्प्रचार पहिल्या शब्दावरून लावलेले होते आणि पहिला शब्दच मला आठवत नसायचा, त्यामुळे ते घेऊनही बरंचसं मी शेजारी बसणाऱ्या मुलीला विचारूनच शिकले. वर्ष व्हायच्या आत त्याची चिकटवलेली पाठ तडकली आणि पानं सुटायला लागली. मी रबरबँड लावला. माझ्या ओळखीत एकच बाइंडर होता आणि त्याच्याकडे ते नेता येत नव्हतं.

तुझं पुस्तक मी गणपतीआधीच्या साफसफाईत रद्दीत दिलं. वर्तमानपत्रांच्या मध्ये घातलं आणि नावाची बाजू आत केली, आईला दिसू नये म्हणून. हे लिहायला मला चार दिवस लागले.

त्यानंतर तू जेव्हा जेव्हा भेटलास, विचारायचास. दारातून आत येता येता, जेवताना, फोन ठेवता ठेवता. उघडां रवता मां? उघडं राहतं ना? मी म्हणायचे, राहतं. सवयच झाली त्याची. पुढे पुढे तू जरा थांबून विचारायला लागलास आणि उत्तरानंतरही थोडा थांबायचास. मला वाटायचं, तू म्हातारा होतोयस.

एकदा तू म्हणालास, त्यातलां एक तरी सांग. काय बोलतत ते लोक? मी जिभेवरच्या केसांचं सांगितलं. तू स्वतःची जीभ बाहेर काढून मामीला दाखवलीस, बघ गो, एकतरी आसा काय. मग माझ्याकडे बघून म्हणालास, तुझ्या जिभेवर मात्र अंबाडो आसा. मामी म्हणाली, पोरीला कशाला बोलता. मीही हसले. त्या दिवशी सांगता आलं असतं. दार तू उघडून ठेवलं होतंस.

बाराव्याला रमजानभाईंच्या मागे मी गॅलरीत गेले. त्यांना चपला केव्हाच सापडल्या होत्या, ते नुसतेच उभे होते. मी विचारलं, चाचा, रद्दीतून म्हणजे? ते म्हणाले, कुछ नहीं बेटी, दुसऱ्या पुस्तकाचं बोलत होतो. मी जागची हलले नाही. कुणी गप्प उभं राहिलं की समोरचा बोलतो, हे मी तुझ्याकडूनच शिकलेय.

आमच्या मुलुंडच्या घरची रद्दी कुठे जाते, याचा मी कधी विचार केला नव्हता. ती साकीनाक्याला जाते, मामा. तुझ्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत. तुम्ही लोक तिथून जुने पुठ्ठे निवडून आणता, हे मला माहीत नव्हतं. रमजानभाईंना ढिगात हिरवा काठ दिसला. त्यांना वाटलं, पुस्तक चोरीला गेलं असणार, तू खूश होशील. धावत घेऊन आले. तू ते उघडलंस आणि पानं उलटत राहिलास, एक एक, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. अर्धी कापलेली अक्षरं तेव्हा तू पहिल्यांदा पाहिलीस. रमजानभाई म्हणाले, मला वाटलं आता भाचीवर चिडणार. तू एवढंच म्हणालास, कापूक नको होतां.

मग दुसऱ्या दिवसापासून तू जेवणाच्या सुट्टीत ते सोडवायला घेतलंस. वरचं कव्हर काढलंस, शिवण तेवढी ठेवलीस. प्रत्येक पानाच्या बाहेरच्या कडेला पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी जोडायला लागलास, खळीने, एक एक करून, वाळवत. गेलेला समास परत आणणार होतास. लिहिलेलं परत येणार नव्हतं, पण मला लिहायला जागा होणार होती. रमजानभाईंनी विचारलं होतं, इतकी मेहनत कशाला, दुसरं पुस्तक घेऊन दे. तू म्हणालास, चूक माझ्या हातची, ती हातानेच निस्तरायची. कामाची गर्दी असली की दोन पानं व्हायची, कधी एकही नाही. डोळे दुखायचे. दोन वर्षं चाललं होतं.

म्हणजे तुला माहीत होतं. दोन वर्षं तू विचारत होतास, उघडां रवता मां, आणि ते पुस्तक तुझ्या पिशवीत होतं. सुटं, पाठ नसलेलं. माझं ‘राहतं’ ऐकून तू घरी जायचास आणि दुसऱ्या दुपारी पुढची पट्टी लावायचास.

मी रमजानभाईंना विचारलं, मामा मला का बोलला नाही? त्यांनी खोलीकडे पाहिलं आणि आवाज अजून खाली आणला.

“मीपण हेच बोललो. म्हटलं, पोरीला पूछ ना सीधा. तर बोलला, सांगेल ती. तिला टाइम लागतो.”

तू माझ्यावर चिडला असतास तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसापुढे मला गप्प बसता येतं. वाट बघणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते मला शिकवायचं राहिलं तुझं.

रमजानभाई म्हणाले, आता काही बोलू नकोस, मामीला तेवढंच समाधान आहे, जाने दो. ते चुकीचं बोलत नव्हते. मला तो सल्ला लगेच पटला, आणि इतका लगेच पटला म्हणूनच त्याची भीती वाटली. माझ्या सोयीची गोष्ट दुसऱ्याच्या दयेसारखी दिसते, हे माझ्या बाबतीत आधीही झालंय.

मी आत आले. पुस्तक हातोहात फिरत होतं. ज्यांना स्पॅनिश तर सोडच, पण इंग्रजीही येत नाही असे तुझे गाववाले त्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवून बघत होते, सांधा कुठे लागतो का ते. लागत नव्हता. ते माझ्यापर्यंत आलं. मी जिभेचं पान काढलं. तिथपर्यंत तू पोचला होतास. कापलेल्या ओळींना लागून कोरी पट्टी होती. बऱ्याच पुढे, एका फर्म्याच्या मध्यावर, पट्ट्या थांबल्या होत्या. त्यानंतरची पानं अरुंद होती, जशी तू मला दिली होतीस तशी.

मामी माझ्या शेजारी सरकली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांना सांगितलं, हिचं किती वापरून खिळखिळं झालं असेल म्हणून यांच्याकडे परत आलं. मग मला विचारलं, “तूच दिलं होतंस ना गं दुरुस्तीला?”

सगळे माझ्याकडे बघत होते. दारातून रमजानभाई बघत होते. ‘हो’ हा एवढासा शब्द आहे, मामा, आणि तो माझ्या तोंडात तयार होता, ‘राहतं’ असायचा तसा. मामीचा हात पाठीवर होता. तो उचलला जाईल असं वाटलं. मी पुस्तक मांडीवरून खाली जमिनीवर ठेवलं, मधोमध उघडलं आणि दोन्ही हात काढून घेतले. पाठ नव्हती, पुठ्ठे सुटे होते, नुसती तुझी शिवण होती. पानं जरा हलली आणि थांबली.

मी म्हणाले, “नाही मामी. मी ते रद्दीत टाकलं होतं. मामा विचारायचा, उघडं राहतं का, आणि मी राहतं म्हणायचे. मी स्वतः ते असं ठेवून आज पहिल्यांदा बघतेय.”